ज्वलन परिषदेचं तिकीट कोणी काढायचं?

ज्वलनशास्त्रावरची पहिली परिषद १९२८ साली अमेरिकेतल्या स्वॅम्पस्कॉट गावी भरली. १९५४मध्ये कम्बश्चन इन्स्टिट्यूट स्थापन झाली, दर दोन वर्षांनी भेटायचा शिरस्ता पडला आणि १९५८ साली परिषद अमेरिकेबाहेर, थेट इंग्लंडला गेली. पुढे टोकियो, हैफा, सिडनी, बीजिंग. परिषद साऱ्या जगाची झाली याचा आनंदच आहे. पण पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींना ती तेवढीच महागही झाली.

प्राध्यापकांचं जाणं-येणं संशोधन प्रकल्पातून निघतं. विद्यार्थ्याची वर्णी लागते ती पैसे उरले तर. ही अडचण ओळखून अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशननं तिथल्या विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना परिषदेला जाता यावं म्हणून वेळोवेळी वेगळं अनुदान दिलं. मोठ्या प्रकल्पांपुढे ही रक्कम किरकोळच, पण तिचं मोल मला फार वाटतं.

का, ते एका ज्वाळेवरून सांगतो. १९९६मध्ये नेपल्सच्या परिषदेला जोडून खळबळत्या ज्वाळांवर एक कार्यशाळा सुरू झाली. तिथल्या चर्चांमधून पुढे सँडिया प्रयोगशाळेची ‘फ्लेम डी’ साऱ्या जगाची कसोटी बनली: ७.२ मिलिमीटरची नळी, तिच्यातून एक भाग मिथेन आणि तीन भाग हवा, भोवती ज्वाळा तेवती ठेवणारं छोट्या ज्वाळांचं कडं. हीच ज्वाळा जो तो आपापल्या गणितानं सोडवतो आणि सगळ्यांचे आलेख शेजारी शेजारी लागतात. आपला आलेख मोजमापापासून ढळला तर चूक गणितात आहे की नळीच्या तोंडाशी धरलेल्या वेगात, हे छापील निबंधात सापडेलच असं नाही. पण ज्यांनी मोजलं ते त्याच खोलीत बसलेले असतात. चहाच्या वेळी त्यांना गाठून विचारलेला एक प्रश्न संगणकावरचे कित्येक महिने वाचवतो. ॲडलेडची २०२०ची परिषद महामारीमुळे जानेवारी २०२१वर गेली आणि बहुतेकांनी ती पडद्यावरच पाहिली. भाषणं ऐकू आली. चहाची वेळ मात्र पडद्यावर मिळत नाही.

अमेरिकेत शिकणाऱ्या आपल्याकडच्या मुलांची अडचण दुहेरी. २०१२ला वॉर्सा किंवा २०२४ला मिलान म्हटलं की शेंगेन व्हिसा आला आणि पासपोर्टवरच्या अमेरिकी व्हिसाची मुदत संपलेली असेल तर परतीची धास्तीही. भारतातून जाणाऱ्यांसाठी सर्ब या सरकारी संशोधन मंडळाची आंतरराष्ट्रीय प्रवास योजना होती. निवड झाली की विमानभाडं, नोंदणी, व्हिसा यांची सोय व्हायची. आता सर्बचं काम अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे आलं आहे.

पण देश कुठलाही असो, बरेचदा आधी स्वतः खर्च करायचा आणि परतल्यावर बोर्डिंग पास, नोंदणीची पावती, टॅक्सीची बिलं जोडून ते पैसे मागायचे, अशीच रीत. ज्याच्या घरून लाखभर रुपये उसने मिळू शकतात तोच मग अर्ज करतो. ही रीत अन्यायाची आहे.

म्हणून प्रकल्पाचं अंदाजपत्रक लिहिणाऱ्या मार्गदर्शकांना कळकळीची विनंती: विद्यार्थ्याचा प्रवास ‘इतर खर्चा’त ढकलू नका, त्याला स्वतंत्र ओळ द्या, आणि तिकीट काढायच्या आधी आगाऊ रक्कम त्याच्या खात्यात जमा होईल एवढं बघा.