नकाशास मोझेकचे रूप

जॉर्डनमधील मादबा येथील सहाव्या शतकातील मोझेक-नकाशात यरुशलेमची स्तंभवीथी आणि ग्रीक स्थलनामे आजही ओळखू येतात. कारण दगडी तुकडे रेषेच्या वळणाप्रमाणे बसविलेले आहेत. फोटोशॉपमधील मोझेक फिल्टर मात्र सरसकट चौरस पाडून प्रत्येकास एकच रंग देतो. त्यामुळे किनारा दंतुर होतो व अरुंद नदी लोपते. दिसावयास मौजेचे, पण नकाशा म्हणून निरुपयोगी. या कामी जिंप अधिक सोयीचे. त्यात तुकड्यांचा आकार, त्यांमधील अंतर व रेखीवपणा ठरविता येतो; शिवाय अनेक रंग आलेला तुकडा विभागण्याची सोय असल्याने किनाऱ्याचे वळण बऱ्याच अंशी टिकते. तुकड्याचे माप दाखवावयाच्या सर्वांत अरुंद नदीच्या रुंदीहून मोठे नसावे. स्थलनामे निराळ्या थरावर राखून, फिल्टर लावल्यानंतरच वर चढवावीत. एरवी देवनागरीतील अनुस्वार प्रथम नाहीसे होतात.