नवं उत्पादन घडवण्याची पदवी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीने ‘मला प्रॉडक्ट डिझाईनमध्ये एम.डेस. किंवा एम.टेक. करायचंय’ असं घरी सांगितलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : म्हणजे नेमकं काय करणार? कॉम्प्युटर किंवा सिव्हिल म्हटलं की असं कुणी विचारत नाही. या शाखेबद्दल मात्र घराघरांत पोहोचलेली माहिती बहुतेक ऐकीव असते. ‘मला चित्र काढता येत नाही’ म्हणून काही मुलं अर्जच करत नाहीत. काही जण एका भन्नाट कल्पनेच्या भांडवलावर प्रवेश घेतात आणि पहिल्याच सत्रात गोंधळतात. दोन्हीकडचं नुकसान टाळता येण्यासारखं आहे.

वस्तू कुणासाठी, कशासाठी, केवढ्यात आणि कशी बनणार याबद्दल आपण बरंच काही गृहीत धरलेलं असतं. पैसे खर्च होण्याआधी ते सगळं तपासून पाहण्याची शिस्त ही पदवी लावते. हे लक्षात ठेवलं की बरेचसे गैरसमज आपोआप सुटतात.

गैरसमज १ : डिझाईन म्हणजे वस्तू दिसायला सुंदर करणं

वस्तुस्थिती : मतदान यंत्राचं उदाहरण घ्या. आयआयटी मुंबईत १९६९ साली इंडस्ट्रियल डिझाईन सेंटर, म्हणजे आजची आयडीसी स्कूल ऑफ डिझाईन, सुरू झालं. तिथल्या ए. जी. राव आणि रवी पूवय्या या प्राध्यापकांनी मतदान यंत्राच्या डिझाईनवर काम केलं. यंत्र वापरणाऱ्याला वाचता येत असेलच असं नाही. मतदान केंद्रात वीज असेलच असंही नाही. म्हणून यंत्र बॅटरीवर चालतं, उमेदवाराच्या चिन्हापुढेच निळं बटण असतं, आणि ते दाबलं की तिथला लाल दिवा लागून बीप वाजते. आपलं मत नोंदलं गेल्याचं मतदाराला न वाचताही कळतं. मतदाराचं युनिट आणि अधिकाऱ्याचं युनिट वेगळं ठेवून मध्ये पाच मीटरची केबल दिली आहे, त्यामुळे मत गुप्त राहतं आणि मतदानावर नियंत्रणही राहतं. एका मतानंतर अधिकाऱ्याने पुन्हा परवानगी दिल्याशिवाय दुसरं मत देता येत नाही. यातला एकेक निर्णय डिझाईनचा आहे, आणि सौंदर्याचा विषय त्यात फार मागे येतो.

गैरसमज २ : आधी भन्नाट कल्पना हवी, मग शिक्षण

वस्तुस्थिती : चांगल्या अभ्यासक्रमात सुरुवात प्रश्नापासून होते, आणि तो प्रश्नही अनेकदा बदलावा लागतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात २००७ साली पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एका गटाला स्वस्त इन्क्युबेटर बनवण्याचं काम मिळालं. गटातला एक जण नेपाळला गेला, तेव्हा रुग्णालयात देणगीतून आलेले इन्क्युबेटर रिकामे पडलेले दिसले. कमी वजनाची बाळं जन्माला येत होती ती दूरच्या खेड्यांत, आणि ती रुग्णालयापर्यंत पोहोचतच नव्हती. यंत्र स्वस्त करून हा प्रश्न सुटणार नव्हता. त्यातून ‘एम्ब्रेस’ ही बाळाला गुंडाळण्याची पिशवी तयार झाली. तिच्यात ठेवलेला मेणासारखा पदार्थ एकदा तापवला की वितळलेल्या अवस्थेतून घट्ट होताना काही तास सुमारे ३७ अंश तापमान टिकवून धरतो आणि तेवढा वेळ सतत विजेची गरज पडत नाही.

पुढचा धडा महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात मिळाला. एका आईने सांगितलं की डॉक्टरांनी सांगितलेलं औषध बाळाला जास्त होईल या भीतीने आम्ही कमीच देतो, तसं हेही ३७ ऐवजी कमीच ठेवू. आकडा बरोबर होता, पण त्यामुळेच बाळाला धोका होता. मग तापमानाचा आकडा काढून ‘ठीक आहे’ किंवा ‘ठीक नाही’ एवढंच दाखवणारा दर्शक बसवला गेला. असा बदल प्रयोगशाळेत बसून कुणालाही सुचला नसता.

हीच पद्धत आयआयटी मुंबईच्या ‘बेटिक’ या केंद्रात दिसते. महाराष्ट्र शासनाच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने २०१४ साली उभ्या राहिलेल्या या केंद्रात पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटीही सामील झालं. इथे वैद्यकीय उपकरणांचं काम डॉक्टरांच्या अडचणी समजून घेण्यापासून सुरू होतं.

गैरसमज ३ : चित्रकला उत्तम हवी, नाहीतर मेकॅनिकलची पदवी तरी हवी

वस्तुस्थिती : एम.डेस. आणि एम.टेक. यांची दारं वेगवेगळी आहेत. एम.डेस.साठी मुख्यतः आयआयटी मुंबईमार्फत होणारी ‘सीड’ ही परीक्षा लागते. बारावीनंतर किमान तीन वर्षांचा पदवी किंवा पदविका अभ्यासक्रम झालेल्यांना, तसंच त्याच्या शेवटच्या वर्षात असलेल्यांना ती देता येते. तिला वयाची अट नाही आणि प्रयत्नांची मर्यादाही नाही. गुण मात्र एका वर्षापुरतेच ग्राह्य धरतात. चित्र काढावं लागतं हे खरं, पण त्यासोबत प्रश्न ओळखण्याची, तर्काची आणि आपलं म्हणणं मांडण्याची क्षमताही तपासतात. हात साफ असण्यापेक्षा मनातली रचना कागदावर दुसऱ्याला समजेल अशी उतरवता येणं महत्त्वाचं, आणि ते सरावाने येतं.

एम.टेक.साठी साधारणपणे ‘गेट’ लागते, तिचे गुण तीन वर्षं चालतात. बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या एम.डेस.साठी अभियांत्रिकीच्या वेगवेगळ्या शाखांमधले विद्यार्थी अर्ज करू शकतात, आणि तिथे ‘गेट’ किंवा ‘सीड’ दोन्ही चालतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याने मागे हटण्याचं काहीच कारण नाही. आजच्या बहुतेक वस्तूंत सर्किट, सॉफ्टवेअर आणि प्लास्टिकची पेटी एकत्र नांदतात.

गैरसमज ४ : नमुना चालला म्हणजे उत्पादन तयार

वस्तुस्थिती : सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच. प्रदर्शनात टेबलावर चाललेला नमुना ‘हे होऊ शकतं’ एवढंच सिद्ध करतो. दहा हजार नग बनवताना वेगळेच प्रश्न उभे राहतात.

साधी प्लास्टिकची पेटी पाहू. थ्री-डी प्रिंटरवर ती कुठल्याही आकाराची निघते. तीच इंजेक्शन मोल्डिंगने काढायची तर भिंतींना साधारण एक-दोन अंशांचा उतार द्यावा लागतो, नाहीतर भाग साच्यातून सुटत नाही. भिंतीची जाडी शक्यतो सारखी लागते. एखाद्या ठिकाणी ती जास्त झाली तर तिथलं प्लास्टिक सावकाश थंड होतं आणि पृष्ठभागावर खड्डा पडतो. साच्याचा खर्च सहज लाखांत जातो. पोलाद कापून साच्याची पोकळी वाढवता येते, म्हणजे भागावर प्लास्टिक वाढवता येतं. भाग बारीक करायचा असेल तर साच्यात पोलाद भरावं लागतं, आणि ते काम अवघड व महाग असतं. म्हणून शंका असलेल्या जागी आधी प्लास्टिक कमी ठेवायचं, मग लागेल तसं वाढवायचं, हे टूलरूममधल्या अनुभवी माणसांकडून शिकावं लागतं.

पुढे जोडणीचा प्रश्न येतो. प्रत्येक भागाच्या मापात थोडा फरक असतोच. सगळे भाग एकदम आपापल्या मर्यादेच्या टोकाला गेले तरी झाकण बसेल का, हे आधी हिशेबाने पाहायचं असतं. स्क्रू चार प्रकारचे लागतात की एकाच प्रकारात भागतं, तेही ठरवावं लागतं. त्यानंतर उंचावरून पाडून, भट्टीत तापवून, दमट हवेत ठेवून, बटण हजारो वेळा दाबून चाचण्या होतात. वैद्यकीय उपकरण असेल तर २०१७ च्या मेडिकल डिव्हाइसेस रूल्सनुसार धोक्याच्या पातळीप्रमाणे ए ते डी वर्ग ठरतो आणि परवान्याची वाट त्यावर अवलंबून असते. शेवटी छोटी पायलट बॅच काढून कारखान्यातल्या कामगाराच्या हाताला ती जोडणी जमते का, हे तपासतात.

कागदावरची चूक खोडरबराने सुटते. तीच साचा बनल्यावर सापडली तर लाखांना पडते, आणि ग्राहकाच्या हातात गेल्यावर नावावर येते. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचा मोठा भाग प्रकल्पात जातो तो यासाठीच.

गैरसमज ५ : पेटंट घेतलं की काम झालं

वस्तुस्थिती : पेटंट दुसऱ्याला थांबवण्याचा अधिकार देतं. आपलं उत्पादन विकण्याची परवानगी त्यातून मिळत नाही, कारण आपल्या वस्तूतला एखादा भाग दुसऱ्याच्या चालू पेटंटमध्ये असू शकतो. भारतीय पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं असते आणि ते भारतापुरतंच लागू होतं. वस्तूचं बाह्य रूप वेगळ्या कायद्याखाली नोंदवतात. २००० च्या डिझाईन्स अ‍ॅक्टमध्ये त्याला १० वर्षांचं संरक्षण आहे, ते आणखी ५ वर्षं वाढवता येतं.

विद्यार्थ्यांनी एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी : आधी अर्ज, मग प्रदर्शन. शोधनिबंध छापला, व्हिडिओ टाकला किंवा प्रदर्शनात सगळं उलगडून सांगितलं, तर काही मर्यादित अपवाद वगळता नावीन्याचा दावा टिकत नाही. काम अर्धवट असेल तर प्रोव्हिजनल अर्ज करून १२ महिन्यांत पूर्ण तपशील देता येतो. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना पेटंट शुल्कात ८० टक्के सवलत आहे. अर्ज संस्थेमार्फत झाला तर खर्चाचा भार बराच हलका होतो.

गैरसमज ६ : स्वतःची कंपनी काढायची असेल तरच हा मार्ग

वस्तुस्थिती : उत्पादन बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीत ही कामं असतात. पुण्या-पिंपरीतल्या वाहन कंपन्या, त्यांचे पुरवठादार, घरगुती उपकरणं, शेती अवजारं आणि वैद्यकीय साधनं बनवणाऱ्या कंपन्या, या सगळ्यांना ग्राहकाची गरज मापांत, खर्चात आणि चाचण्यांत उतरवणारी माणसं लागतात. एम.टेक. केलेल्यांचा कल विश्लेषण, सिम्युलेशन आणि उत्पादनप्रक्रियेकडे जास्त असतो, तर एम.डेस. केलेल्यांचा वापरकर्त्याचा अभ्यास आणि संकल्पनेकडे. खर्चाचीही उगाच धास्ती घेऊ नये. एआयसीटीई-मान्य संस्थेत ‘गेट’ किंवा ‘सीड’च्या गुणांवर प्रवेश घेतलेल्या पात्र पूर्णवेळ विद्यार्थ्यांना दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती मिळू शकते.

प्रवेशाआधी काय पाहावं

माहितीपत्रकातल्या सॉफ्टवेअरच्या यादीवर जाऊ नका. महाविद्यालयात जा आणि चार प्रश्न विचारा. विद्यार्थी वापरणाऱ्या माणसांना कधी आणि किती वेळा भेटतात? वर्कशॉप संध्याकाळी उघडं असतं का, आणि तिथे विद्यार्थ्यांना स्वतः मशीनवर काम करू देतात का? वेगवेगळ्या शाखांची मुलं एका गटात काम करतात का? मागच्या बॅचचे प्रकल्प अहवालापुढे किती गेले, आणि जे फसले ते का फसले?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जिथे मोकळेपणाने मिळेल, तिथे अर्ज करा. आपल्या शेतात, दवाखान्यात आणि स्वयंपाकघरात कामचलाऊ वस्तूंवर रोज तडजोड करणारी माणसं आहेत. त्यांच्याजवळ बसून त्यांची अडचण नीट समजून घेणाऱ्या आणि ती शेवटच्या स्क्रूपर्यंत सोडवणाऱ्या इंजिनीअरांची आपल्याला खरोखर गरज आहे.