तरवड : कोरड्या रानातील सोनेरी झुडूप

दख्खनच्या पठारावर पाऊस ओसरू लागला, की ओसाड माळ, रस्त्यांच्या कडा आणि तलावांचे बांध पिवळ्याधमक फुलांनी भरून जातात. ही फुले तरवडाची होत. तेलुगू भाषेत या झुडपाला तंगेडू म्हणतात, तर तमिळमध्ये आवारम. ते कोणी पेरीत नाही, त्याला कोणी पाणी घालीत नाही. तरीही ते वाढते. म्हणूनच ते मुद्दाम लावावे, असे फारसे कोणाच्या मनात येत नाही.

भारताचा मध्य, पश्चिम व दक्षिण भागांतील कोरडा प्रदेश आणि श्रीलंका येथे तरवड निसर्गतः आढळतो. साधारणपणे माणसाच्या उंचीएवढ्या होणाऱ्या या झुडपाची पाने संयुक्त असून त्यांच्या तळाशी कानाच्या आकाराची उपपर्णे असतात. लिनियसने १७५३ साली दिलेल्या शास्त्रीय नावातील ‘ऑरिक्युलाटा’ या पदाचा उगम या ‘कानां’तच आहे. झुडपाचे सोटमूळ खोल जात असल्याने वरची माती वाळली, तरी त्याला खालची ओल मिळते. गुरे त्याच्या पाल्याला सहसा तोंड लावीत नाहीत. छाटले असता बुंध्यापासून पुन्हा धुमारे फुटतात. अवर्षणात टिकून राहण्याचे त्याचे सामर्थ्य या गुणांत आहे.

तरवडाच्या सालीत टॅनिन भरपूर असते. एकोणिसाव्या शतकात मद्रास इलाख्यातील कातडी कमावण्याचा धंदा मुख्यतः याच सालीवर चालत असे. पुढे दक्षिण आफ्रिकेतून वॉटल वृक्षाची साल येऊ लागली आणि तरवडाचे महत्त्व घटले. लोकजीवनातील त्याचे स्थान मात्र कायम राहिले. भाद्रपद अमावास्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत तेलंगणात बतुकम्माचा उत्सव चालतो. स्त्रिया ताटात तंगेडू, कुर्डू इत्यादी फुलांचे थर रचतात, त्याभोवती फेर धरून गाणी म्हणतात आणि अखेरीस ती रचना तलावात विसर्जित करतात. २०१४ साली तेलंगण राज्य स्थापन झाल्यावर तंगेडूला राज्यपुष्पाचा मान देण्यात आला.

परंतु ज्या माळांवरून ही फुले आणली जात, त्यांपैकी कित्येक माळांवर आता वस्ती झाली आहे. शहरात ती विकत घ्यावी लागतात. उरलेल्या झुडपांवरील सर्व फुले सणासाठी खुडली गेली, तर शेंगा धरत नाहीत आणि नवी रोपे उगवत नाहीत. तरवडाच्या फुलात मध नसतो. भुंगे परागासाठी येतात, पंखांच्या स्नायूंच्या कंपनाने परागकोश हलवितात आणि टोकाच्या छिद्रांतून पराग बाहेर पाडतात. या भेटीतूनच बीजधारणा होते. त्यामुळे प्रत्येक झुडपावर काही फुले राखणे आवश्यक ठरते.

लागवड अवघड नाही. वाळून तपकिरी झालेल्या चपट्या शेंगा गोळा कराव्यात. बियांचे कवच कठीण असल्याने त्या तशाच पेरल्यास उगवण अनियमित होते. म्हणून पाणी उकळून आधणाखालून उतरवावे, त्यात बिया टाकाव्यात आणि रात्रभर तशाच राहू द्याव्यात. सकाळी फुगलेल्या बिया उंच पिशव्यांत पेराव्यात. सोटमूळ दुखावल्यास रोप जगणे कठीण होते. यास्तव रोप लहान असतानाच, पावसाळ्याच्या आरंभी, ते कायमच्या जागी लावावे. जागेची निवड करताना दिवसभर ऊन आणि पाण्याचा निचरा या दोनच गोष्टी पाहाव्यात. मुरमाड जमीनही चालते. खताची गरज नसते.

पहिल्या उन्हाळ्यात अधूनमधून पाणी द्यावे. त्यानंतर ते बंद करावे. तरवडाच्या बाबतीत अतिकाळजीच घातक ठरते, कारण सतत ओल्या राहणाऱ्या मातीत मुळे कुजतात. बहर संपल्यावर फांद्या छाटल्यास झुडूप दाट होते. पानांवर फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या दिसल्या, तरी औषध फवारू नये. पाने पुन्हा फुटतात.

शाळेचे आवार, शेताचा बांध, तलावाचा काठ अशा जागी लावलेली दहा-वीस झुडपे काही वर्षांत गावाला सणापुरती फुले देऊ शकतील आणि माळावरच्या झुडपांना शेंगा धरण्याची सवड मिळेल.