जुन्या ठेव्याचें मोल कसें मोजावें?

पूर्वीं धान्य पायलीनें मोजीत, कापड गजानें. परंतु पूर्वजांचा ठेवा राखणाऱ्या संस्थेचें मोल कोणत्या मापानें मोजावें?

आज बहुधा किती लोक येऊन गेले, हेंच माप लावतात. अशा संस्थांस पैसा लोकांचा लागतो. तेव्हां ही गणती अनावश्यक आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. कळमनुरीच्या मुलांस परिचित असलेल्या औंढा नागनाथाच्या देवालयास हें माप लावलें, तर आंकडा मोठाच येईल. परंतु तेथील भिंतींवरील शिल्पें क्षणभर थांबून कितीजणांनीं पाहिलीं, हें त्या आंकड्यावरून कळणार नाहीं.

उलट पुण्याचें भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर पाहा. ही संस्था ६ जुलै १९१७ रोजीं स्थापन झाली. १९१९ सालीं तिनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध करण्याचें कार्य आरंभिलें. निरनिराळ्या लिपींतील १२५९ हस्तलिखितें ताडून पाहण्यांत आलीं, आणि १९६६ सालीं तें कार्य तडीस गेलें. ह्या ४७ वर्षांत दारावर बसून कोणी केवळ माणसेंच मोजलीं असतीं, तर त्याला ती संस्था ओस वाटली असती! तथापि आज महाभारताचा कसून अभ्यास करणारास, मग तो कोणत्याहि देशाचा असो, ती आवृत्ति हाताशीं घ्यावी लागते.

दुसरें उदाहरण ख्रिस्ती मराठी वाङ्मयांतील. फादर स्टीफन्स यांचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं गोव्यांत रोमन लिपींत छापलें गेलें. त्या छापील आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाहीं. परंतु मार्सडेन नांवाच्या गृहस्थांच्या संग्रहांतील एक देवनागरी हस्तलिखित लंडनच्या प्राच्यविद्याशाळेंत जपलेलें होतें. अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. जस्टिन ॲबट यांनीं १९२३ सालीं लेख लिहून त्याची ओळख विद्वानांस करून दिली. तोंपर्यंत त्याचें मोल शून्य होतें काय? तें कोणी जपलेंच नसतें, तर ॲबटसाहेबांस काय सांपडलें असतें?

म्हणून आमच्या मतें प्रत्येक संस्थेस तीन प्रश्न विचारावे. वस्तु सुरक्षित आहे काय? गरीब विद्यार्थ्यासहि ती पाहतां-वाचतां येते काय? तिच्यापासून कोणास नवें ज्ञान लाभलें काय? ह्यांचीं उत्तरें आंकड्यांशेजारीं मांडलीं, तरच हिशेब पुरा होईल.

पालकहो, आपल्या घरींहि एखादें जुनें बाड असेल. रद्दीच्या तराजूंत त्याचें वजन कळतें, मोल कळत नाहीं. तें विकण्यापूर्वीं कोणा जाणत्यास अवश्य दाखवावें.