परातीवरचं नाव

२०२२ च्या जत्रेला आमच्या चुलत दिरांनी देवळासमोर एक भलामोठा फ्लेक्स लावला. त्यावर वडाचं झाड आणि पानापानावर नावं. आमच्या घराण्याची वंशावळ! आठ पिढ्यांची. बिचाऱ्यांनी दोन वर्षं खपून तयार केली होती. सगळे मोबाइलवर त्याचे फोटो काढत होते. मीही कौतुकानं आमच्या ह्यांचं नाव शोधलं, मग मुलाचं. माझी लेक तेव्हा अकरावीत होती. ती शेजारी उभी राहून वरपासून खालपर्यंत वाचत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "आई, ह्या सगळ्यांना आया नव्हत्या का गं?"

मी मोजलं. एकाहत्तर नावं होती, आणि त्यात एकही बाई नव्हती.

मैत्रिणींनो, राग वगैरे आला नाही मला. खरं सांगायचं तर लाज वाटली. कारण लेकीनं घरी येऊन पुढचा प्रश्न विचारला, "तुझ्या आजेसासूबाईंचं माहेरचं नाव काय?" आणि मला ते ठाऊक नव्हतं. लग्नाला बावीस वर्षं झाली, त्यांच्या हाताचा मसाला मी अजून तसाच करते, आणि नाव माहीत नाही! ह्यांना विचारलं, तर हे म्हणाले, "आम्ही आजीच म्हणायचो." आपल्याकडे उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायची केवढी हौस. तिचं नाव मात्र कोण घेतंय?

तर अशी ही माझी हौस सुरू झाली. कुणी भरतकाम करतं, कुणी कुंड्या लावतं, मी बायका शोधते.

सुरुवात अर्थातच घरातल्या सर्वांत वयस्कर माणसापासून करायची. आमच्याकडे त्या म्हणजे ह्यांच्या धाकट्या आत्याबाई. तेव्हा वय पंच्याऐंशीच्या आसपास. नक्की सांगता येत नाही, कारण शाळेच्या जनरल रजिस्टरात त्यांची जन्मतारीख एक जून आहे. त्या काळात निम्म्या महाराष्ट्राचा जन्म एक जूनलाच झालाय! मास्तर शाळेत नाव घालताना तीच तारीख टाकून मोकळे व्हायचे. म्हणून म्हाताऱ्या माणसांना "कोणत्या साली?" असं विचारूच नये. "भूकंपाच्या आधी की नंतर?" असं विचारावं. आमच्या कऱ्हाडकडे भूकंप म्हणजे कोयनेचा, ११ डिसेंबर १९६७ चा. नाहीतर "बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही कुठं होता?" असं विचारलं की साल आपोआप बाहेर येतं, आणि सालाबरोबर बरंच काही.

पण आत्याबाईंकडे वही-पेन घेऊन गेले, तर त्यांनी आधी माझ्याकडे रोखून पाहिलं. "कशाला पायजेत नावं? जमिनीचं काय काढलंय का?"

हा प्रश्न मला पुढं प्रत्येक घरात ऐकायला मिळाला. वंशावळ म्हटलं की लोकांना तलाठी आठवतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं उघडली गेली, तेव्हा तर विचारूच नका. "वैनी, काय सापडलं का?" असं रस्त्यात थांबवून विचारायचे. मी म्हणायचे, हो, एका काकूंची आजी सापडली.

कागदपत्रांचं मात्र नवल वाटावं असं आहे. गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीला आपल्याकडे कोतवाल बुक म्हणतात. त्यात बापाचं नाव असतं, पुढं "मुलगा" किंवा "मुलगी", की संपलं. बाळंत झालेल्या बाईचा पत्ता नाही. तीर्थक्षेत्री उपाध्यांच्या वह्या असतात. नाशिकला, त्र्यंबकला, पंढरपूरला आपल्या गावाचं आणि आडनावाचं नाव सांगितलं की ते वही काढतात. जुनी पानं मोडीत. नाशिकला आमच्या पणजसासऱ्यांच्या नोंदीत मला "मातुश्री" म्हणून एक नाव मिळालं, तेव्हा गोदावरीच्या काठावर मी अक्षरशः टाळी वाजवली. (मोडी शिकायची इच्छा असेल तर पुराभिलेख खात्याचे वर्ग होतात. मी अजून पहिल्या दहा अक्षरांवरच अडकलेय.)

बायकांची नावं सर्वांत जास्त कुठं सापडली असतील? माळ्यावर! जुन्या भांड्यांवर. तांब्या, कळशी, घंगाळ, डबे. आहेर देताना नाव घालायची पद्धत होती ना. भांडीवाला छिन्नीनं टकटक करून ठिपक्या-ठिपक्यांचं नाव काढायचा. एका दिवाळीत मी सगळी पितळ चिंचेनं घासून काढली आणि नावं वहीत उतरवली. एकेक नाव आत्याबाईंना दाखवायची, त्या सांगायच्या, ही मावशी, ही मामेबहीण.

एका मोठ्या परातीवरच्या नावाला मात्र त्या म्हणाल्या, "असंल कुणीतरी." आणि चहा टाकायला उठल्या. खरं तर गुडघ्यांमुळे त्या कधी उठत नाहीत.

मी ते नाव बाजूला ठेवलं. इथंही ते मुद्दाम लिहीत नाही.

मग आजेसासऱ्यांच्या वारसाचा फेरफार काढला. ते १९६६ मध्ये गेले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलींचीही नावं वारसात लागायला लागली होती, त्यामुळे आपल्यासारख्यांना हे जुने फेरफार म्हणजे खजिनाच. कितीतरी जुने फेरफार आता स्कॅन झालेत, संगणकावरसुद्धा मिळतात. आमच्या कागदावर होतं: विधवा पत्नी एक, मुलगे तीन, मुली चार.

चार? घरात सगळे म्हणायचे, आत्या तीन. मी दोनदा वाचलं. चौथं नाव अनोळखी, सासरच्या आडनावासकट. आणि खाली सहा वर्षांनंतरची दुसरी नोंद. चारही बहिणींनी भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून दिल्याची. चौथीचा पत्ता, राहणार इचलकरंजी.

रात्री ह्यांना दाखवलं. हे कितीतरी वेळ तो कागद हातात धरून बसले. मग म्हणाले, "जुनं कशाला उकरतेस?" आवाज चढलेला नव्हता, पण मला कळलं. हक्कसोडपत्रावर सह्या-अंगठे घेणारे माझे सासरेच होते. मामंजी देवमाणूस होते, माझं काही म्हणणं नाही. चार दिवस आम्ही त्या विषयावर बोललो नाही. पाचव्या दिवशी मीच आत्याबाईंकडे गेले आणि वही न उघडता विचारलं, "परात तिचीच ना?"

आत्याबाई रडल्या वगैरे नाहीत. भिंतीकडे बघत सांगत राहिल्या. दोन नंबरची बहीण. लग्न अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात. नवरा मारायचा. दोनदा माहेरी आली, दोनदा परत धाडली. तिसऱ्यांदा मांडीवर पोर घेऊन आली, तेव्हा वडिलांनी उंबऱ्याच्या आत घेतली नाही. ती तशीच इचलकरंजीला एका ओळखीच्या बाईकडे गेली आणि मागाच्या कांड्या भरायला लागली. "नांदली न्हाई म्हणून नाव टाकलं," आत्याबाई म्हणाल्या. "तिच्या सासरनं भांडी मात्र आणली भावांनी. आपली हुती ना."

भांडी परत आली होती. त्यातलीच ही परात.

"आन मग सहीला?"

"दुष्काळात बलावली हुती. आली. अंगठा दिला. साडीचोळी दिली भावानं, ती ओट्यावर ठिवली तिनं. जेवायला न्हाई थांबली."

लग्नानंतर नाव बदललेलं, त्यामुळे परातीवर एक नाव आणि फेरफारात दुसरंच. आमच्या घरात दोन्ही नावं इतकी वर्षं शेजारीशेजारी पडून होती आणि जोडायला कुणी नव्हतं. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक बाईचं एक पान असतं आणि वर दोन नावं, माहेरचं आणि सासरचं, दोन्ही गावांसह. फोटोंच्या मागं मी पेन्सिलीनंच लिहिते, शाई पुढच्या बाजूला उमटते. आणि मूळ कागद कुणालाही देत नाही, मोबाइलवर फोटो काढून देते. एकदा जाऊबाईंना लग्नपत्रिका दिली होती, ती अजून यायचीय.

इचलकरंजीचा शोध ह्यांनीच घेतला, मला न सांगता. त्यांच्या एका मित्राचे माग आहेत तिथं. आत्या २००४ मध्ये गेल्या होत्या. पण मांडीवरचं ते पोर, म्हणजे त्यांची मुलगी, साठी ओलांडलेली, तिथंच राहते. फोनवर ती आधी म्हणाली, "आम्हाला काय नको हो." पुन्हा तीच जमिनीची भीती, या वेळी उलट बाजूनं! मी म्हटलं, "ताई, मला फक्त तुमच्या आईचा एक फोटो हवाय."

फोटो आला. नाक आमच्या ह्यांचं. काही शंकाच नको.

२००५ च्या कायद्यानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला आणि १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव लागतं, हे मी चुलत दिरांना ऐकवलं. नवा फ्लेक्स करताना बायका घालाच म्हटलं. ते म्हणाले, "वैनी, जागा पुरायची न्हाई." मी म्हटलं, झाड मोठं काढा. अजून काढलेलं नाही. पण आमच्या घरात बैठकीच्या भिंतीवर लेकीनं ड्रॉइंग पेपर जोडून एक झाड लावलंय. त्यात आजवर त्रेपन्न बायका झाल्यात. आजेसासूबाईंच्या माहेरच्या नावाची जागा अजून रिकामीच आहे.

ताई गेल्या पौषात येऊन गेल्या. आत्याबाई आणि त्या कितीतरी वेळ हातात हात घेऊन बसल्या होत्या, बोलणं फारसं नाहीच. जाताना मी परात कागदात गुंडाळून त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी कागद सोडला, ठिपक्यांच्या नावावरून बोट फिरवलं आणि परात माझ्याकडे सरकवली.

"इथंच राहू द्या," म्हणाल्या. "पण माळ्यावर टाकू नका."

ह्या संक्रांतीला तिळाचे लाडू तिच्यातच वळले.