साठी आणि बुद्धी

‘साठी बुद्धी नाठी’ अशी आपल्याकडे म्हण आहे. घरातला म्हातारा माणूस विसरू लागला, की लोक ही म्हण म्हणतात आणि गप्प बसतात. पण मंडळी, साठी सगळ्यांनाच येते. बुद्धी मात्र सगळ्यांची जात नाही. मग ती कोणाची जाते आणि का जाते, ते आज पाहू.

चष्मा कुठे ठेवला हे विसरणे निराळे. पण रोजच्या वाटेवर घर न सापडणे, जेवून उठल्यावर ‘मला जेवायला दिले नाही’ म्हणणे, पोटच्या लेकीला न ओळखणे, हा नुसता वयाचा दोष नव्हे. हा मेंदूचा रोग आहे. त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात. त्याचे प्रकार पुष्कळ. सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमर.

हे नाव एका जर्मन डॉक्टरांचे आहे. १९०१ साली त्यांनी ५१ वर्षांची एक रोगी बाई तपासली. नवऱ्याचे नाव विचारले, तर ती स्वतःचेच नाव सांगे! १९०६ साली ती वारली. डॉक्टरांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकातून पाहिला. मेंदू आक्रसला होता. त्यात जागोजाग गाळ साचला होता आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता झाला होता. आपल्या उल्हास नदीत जलपर्णी माजली की पाणी कोंडते. तसेच मेंदूतले निरोप या गाळाने कोंडतात.

हा गाळ का साचतो? याला एकच एक कारण नाही. पासष्टीनंतर धोका वाढत जातो. आईबापांना हा रोग असला तर मुलांना धोका थोडा अधिक; पण होईलच असे नाही. वय आणि घराणे काही आपल्या हाती नाही.

पण बरेचसे आपल्या हाती आहे. वाढलेला रक्तदाब, मधुमेह, विडी-सिगारेट, फार दारू, डोक्याला मार, बसून राहणे आणि एकटेपणा यांनी धोका वाढतो. २०२४ साली जगातल्या तज्ज्ञांनी अशी १४ कारणे सांगितली. ती सगळी दूर झाली, तर स्मृतिभ्रंशाच्या शंभर रोग्यांपैकी सुमारे ४५ जणांचा रोग टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा हिशेब आहे.

कमी ऐकू येणे हेही त्यांतले एक कारण. ऐकू आले नाही की माणूस बोलणे टाळतो आणि एकटा पडतो. मोहन्याचा रेयॉनचा कारखाना २००९ साली बंद पडला. तिथले कितीतरी कामगार आता साठीपलीकडे आहेत. यंत्रांच्या आवाजात ज्यांची उमर गेली, त्यांनी कान जरूर तपासून घ्यावेत. काम सुटले म्हणून माणसांतून उठू नये. पारावर बसावे, चार शब्द बोलावे, रोज चालावे.

शिक्षण कमी असणे हेही एक कारण आहे. लहानपणी शाळा सुटली, ती सुटली. पण मेंदूला काम द्यायला आजही उशीर झालेला नाही. वाचनाने रोग टळेलच असे आम्ही म्हणत नाही. पण वाचणे, हिशेब करणे, नातवाला गोष्ट सांगणे, याने मेंदू कामात राहतो.

आणखी एक सांगतो. ही करणी नव्हे आणि हा संसर्गाचा रोगही नव्हे. घरात कोणी फार विसरू लागले, तर देवऋषी गाठू नका, डॉक्टर गाठा. कधी कधी जीवनसत्त्व ब-१२ कमी पडल्यानेही विसर पडतो, आणि तो औषधाने सुधारू शकतो. अल्झायमर निघाला, तर तो पुरता बरा होत नाही. पण वेळेवर कळला तर सांभाळणे सोपे जाते. म्हाताऱ्या माणसाने तेच दहा वेळा विचारले, तर अकराव्यांदाही सांगा. तो मुद्दाम विचारत नसतो.