नगर वाचनालय आणि खेड्यातील शाळा

आठवी उत्तीर्ण होऊन शेतीकामास लागलेला आपलाच विद्यार्थी तीनचार वर्षांनी भेटतो आणि एक पान वाचताना अडखळतो, हा अनुभव आपणांपैकी अनेकांस आला असेल. दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे. पाठ्यपुस्तक मिटले की त्याच्या घरात छापील अक्षर म्हणून भिंतीवरची दिनदर्शिका तेवढी उरते. आणि मोबाइलवर चित्रे पाहावयास वाचन लागत नाही.

हाच प्रश्न बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांपुढे उभा राहिला होता. १८९३ साली त्यांनी अमरेली तालुक्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले व १९०६ साली ते सर्व संस्थानास लागू केले. परंतु शिकलेले टिकवावयाचे तर शाळेमागून पुस्तकही गावी गेले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. म्हणून १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास त्यांनी पाचारण केले. बडोदे शहरात मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. महाराजांनी स्वतःचा खासगी संग्रह त्यास दिला. मुलांसाठी व स्त्रियांसाठी निराळी सोय झाली. आपणांस मात्र त्याहून महत्त्वाची वाटावी ती फिरत्या ग्रंथालयाची पेटी. शहरात पुस्तके निवडून लाकडी पेटीत भरावयाची, पेटी गावी पाठवावयाची, वाचून झाली की ती परत येऊन दुसरी जावयाची, असा तो क्रम होता. कायम वाचनालय हवे असेल तर गावाने वर्गणीने रक्कम जमवावी, तेवढीच सरकारने आणि तेवढीच प्रांत पंचायतीने घालावी, असा नियम होता. फुकट मिळालेल्यापेक्षा स्वतः वाटा उचललेली वस्तू गाव अधिक जपते, हे त्यात पाहिले गेले होते.

आज आपल्या तालुक्याच्या गावी बहुधा एक वाचनालय असते. वाचनालय चालविणे हे नगरपरिषदेचे ऐच्छिक कर्तव्य असल्याने काही ठिकाणी ते नगरपरिषद स्वतः चालविते. इतरत्र नोंदणीकृत संस्था चालविते व १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानुसार तिला शासनाचे अनुदान मिळते. वृत्तपत्रे वाचावयास कोणीही बसावे. पुस्तक घरी नेण्यास अनामत व वर्गणी लागते. कोश व संदर्भग्रंथ तेथेच बसून पाहावयाचे असतात. पाठाची तयारी करताना विश्वकोशाचा खंड आपण शेवटचा केव्हा उघडला, हे ज्याने त्याने स्वतःस विचारावे.

मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचे पत्र घेऊन ग्रंथपालांस समक्ष भेटावे व शाळेच्या नावाने सभासदत्व देता येईल काय, हे विचारावे. सर्वत्र ते मिळेलच असे नाही. न मिळाल्यास दोघातिघा शिक्षकांनी वैयक्तिक सभासद व्हावे. बाजाराच्या दिवशी कोणी ना कोणी तालुक्यास जातोच. त्याच्या पिशवीत पाचसहा पुस्तके सहज येतात, आणि तीच आपली पेटी. प्रारंभी पातळ व मोठ्या टाइपाची पुस्तके निवडावीत. जाडजूड बोधपर ग्रंथ आणले, तर मुले पुन्हा मागणार नाहीत.

येथे एक अडचण असते, आणि ती मी स्वतः भोगली आहे. नोकरीच्या पहिल्या शाळेत पुस्तकांचे कपाट माझ्या ताब्यात होते. एक पुस्तक हरवले, तपासणीत ते निघाले व त्याची किंमत मी भरली. त्यानंतर दोन वर्षे मी कपाटास कुलूप ठेविले. नोंदवही निर्दोष राहिली, पण मुलांनी एकही पुस्तक वाचले नाही. आज शाळा तपासावयास जातो, तेव्हा कोरी करकरीत पुस्तके पाहिली की मला ते कुलूप आठवते. केंद्र शासनाच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत म्हटले आहे की, वर्षात वाचावयास दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणे वाजवी समजावे. मात्र त्यास अप्रामाणिकपणा अथवा हलगर्जीपणा कारण नसावा. हा नियम केंद्राच्या ग्रंथालयांसाठी आहे, आपल्या शाळांस तो आपोआप लागू होत नाही. तरी वापरात असलेले पुस्तक कधी तरी हरवावयाचेच, हे शासनानेही मानले आहे, एवढे ध्यानी असू द्यावे.

नोंदीसाठी चार रकाने पुरेत: पुस्तकाचे नाव, मुलाचे नाव, दिल्याची तारीख, परत आल्याची तारीख. ही वही सातवीच्या एखाद्या मुलीच्या हाती द्यावी. शाळा सोडून गेलेल्या मुलांची नावेही तीत घ्यावीत.